कुत्र्याला रोज नेमकं किती खायला घालायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या कुत्र्याला दिवसाला किती खाणं लागतं?

हे त्याच्या वजनावर, वयावर, नसबंदी झाली आहे की नाही यावर आणि तो दिवसभर काय करतो यावर ठरतं. सुरुवात करायला हिशोब सोपा आहे, मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर होतो. कुत्र्याचं वजन किलोत घ्या आणि त्याच आकड्याने दोनदा गुणा. आलेल्या उत्तराचं वर्गमूळ काढा, त्या वर्गमूळाचं पुन्हा वर्गमूळ काढा आणि शेवटी ७० ने गुणा. २० किलोच्या कुत्र्यासाठी: २० × २० × २० = ८०००, वर्गमूळ ८९.४, पुन्हा वर्गमूळ ९.४६, गुणिले ७० म्हणजे साधारण ६६० कॅलरी. नुसतं पडून राहायलाही शरीराला एवढी ऊर्जा लागते. हिला आपण मूळ गरज म्हणू. (या पानावर कॅलरी म्हणजे किलोकॅलरी. पाकिटावरही तीच असते.)

आता या मूळ गरजेला कुत्र्याच्या राहणीनुसार गुणायचं. नसबंदी झालेला प्रौढ कुत्रा असेल तर पुस्तकी आकडा १.६ आणि नसबंदी न झालेल्याला १.८. पण फ्लॅटमध्ये राहणारा, सकाळ-संध्याकाळ वीस-वीस मिनिटं खाली फिरून येणारा कुत्रा १.६ वर हमखास जाडा होतो. त्याच्यासाठी १.२ ते १.४ धरा. शेतावर दिवसभर पळणारा, राखण करणारा किंवा मेंढरांमागे चालणारा कुत्रा २ किंवा त्याहून जास्त खाऊनही सडपातळ राहतो.

१.४ ने गुणून, १०० ग्रॅमला ३५० कॅलरी असलेलं सुकं खाणं दिल्यास दिवसाचं एकूण प्रमाण असं येतं:

५ किलो: ३३० कॅलरी, ९५ ग्रॅम
१० किलो: ५५० कॅलरी, १६० ग्रॅम
१५ किलो: ७५० कॅलरी, २१५ ग्रॅम
२० किलो: ९३० कॅलरी, २६५ ग्रॅम
३० किलो: १२५५ कॅलरी, ३६० ग्रॅम

हे दिवसभराचं आहे, एका वेळचं नाही. आणि यातच बिस्किटं, पोळीचे तुकडे, सगळं आलं. वजन दुप्पट झालं म्हणून खाणं दुप्पट होत नाही, हेही पाहून ठेवा. १५ किलोच्या कुत्र्याला २१५ ग्रॅम लागतात, पण ३० किलोच्याला ४३० नव्हे, ३६०च.

हा आकडा बरोबर आहे हे कशावरून ओळखायचं?

बरगड्यांवरून. सारख्या वजनाच्या, एकाच घरातल्या दोन कुत्र्यांच्या गरजेतही बराच फरक पडू शकतो. म्हणून हिशोबाने आलेला आकडा हा अंदाज समजा. खरं उत्तर कुत्र्याच्या अंगावर असतं.

डाव्या हाताची मूठ घट्ट वळा आणि उजव्या हाताच्या बोटांनी मुठीच्या उंचवट्यांवरून हात फिरवा. कुत्र्याच्या बरगड्या अशा टोकदार लागल्या तर तो हडकुळा आहे. आता डावा हात उघडा, तळवा खाली करा आणि हाताच्या पाठीवरून बोटं फिरवा. पातळ कातडीखाली हाडं सहज मोजता येतात, दाबावं लागत नाही. बरगड्या अशाच लागायला हव्यात. शेवटी हात उलटा करून बोटांच्या बुडाशी, तळव्याच्या बाजूने चाचपा. हाडं आहेत हे कळतं, पण दाबल्याशिवाय सापडत नाहीत. बरगड्या तशा लागल्या तर वजन जास्त आहे.

मग कुत्रा उभा असताना वरून बघा. बरगड्यांच्या मागे कंबर आत गेलेली दिसली पाहिजे. बाजूने बघितलं तर पोट छातीपेक्षा वर चढलेलं हवं. पशुवैद्य हेच १ ते ९ अशा गुणांत मांडतात. ४ आणि ५ उत्तम, आणि ५ च्या वरचा प्रत्येक गुण म्हणजे योग्य वजनापेक्षा अंदाजे १० टक्के जास्त.

स्पिट्झसारख्या केसाळ कुत्र्याकडे नुसतं बघून काहीच कळत नाही. अंघोळीच्या वेळी केस भिजले की हात फिरवून घ्या. याउलट कारवान, पश्मी, मुधोळ ही मुळातच शिकारी अंगकाठी. त्यांच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसणं अगदी ठीक आहे. लातूर-सोलापूरकडची चांगली कारवान कुत्री बघितलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही, पण शहरात आणलेल्या कारवानाला लोक ‘वाळलाय बिचारा’ म्हणून चारत सुटतात आणि त्याची चाल बिघडवतात.

पाकिटावर तक्ता छापलेला असतो. तो पाळला तर चालत नाही का?

सुरुवातीला चालतो. पण तो तक्ता बहुतेक वेळा बऱ्यापैकी हालचाल करणाऱ्या कुत्र्याचा विचार करून केलेला असतो, आणि त्यात तुमच्या घरची पोळी आणि बिस्किटं धरलेली नसतात. तक्त्यात ‘२० ते ३० किलो: २८० ते ३९० ग्रॅम’ अशी ऐसपैस मर्यादा दिली असेल तर तुमच्या कुत्र्याच्या वजनाला लागू होणाऱ्या भागातला खालचा आकडा धरा. आणखी एक चूक फार होते: तक्त्यात कुत्र्याचं आजचं वजन बघितलं जातं. कुत्रा जाडा असेल तर त्याचं असायला हवं ते वजन बघायचं.

आमच्या पाकिटावर कॅलरी लिहिलेल्याच नाहीत. मग?

भारतात मिळणाऱ्या बऱ्याच पाकिटांवर फक्त प्रथिनं, स्निग्धांश, तंतू आणि ओलावा यांची टक्केवारी असते. तेवढ्यावरून काम भागतं. प्रथिनं २२, स्निग्धांश १०, तंतू ५, ओलावा १० असं लिहिलं असेल आणि राखेचा (म्हणजे खनिजांच्या भागाचा) आकडा नसेल तर ८ धरा. सगळ्यांची बेरीज ५५. शंभरातून वजा केली की उरलेले ४५ कर्बोदकं. आता प्रथिनांना ३.५, स्निग्धांशाला ८.५ आणि कर्बोदकांना ३.५ ने गुणा: ७७ + ८५ + १५७.५ = सुमारे ३२० कॅलरी, १०० ग्रॅममागे. पाकिटावर प्रथिनं आणि स्निग्धांश ‘किमान’ म्हणून दिलेले असतात, त्यामुळे प्रत्यक्षात थोड्या जास्तच भरतील.

वाटीने मोजलं तर काय बिघडतं?

बरंच बिघडतं. एका घरातली वाटी दीडशे मिलिलिटरची, दुसऱ्या घरातली दोनशेची. बारीक दाण्याचं खाणं वाटीत जास्त मावतं, मोठ्या दाण्याचं कमी. आणि सकाळी घाईत आई सपाट वाटी घालते, संध्याकाळी बाबा शीग लावून. त्या शिगेचं वजन करून बघा, सहज १५ ग्रॅम भरतं. दोन वेळा मिळून ३० ग्रॅम, म्हणजे शंभरेक कॅलरी. दहा किलोच्या कुत्र्याच्या दिवसाच्या गरजेचा तो जवळजवळ पाचवा हिस्सा झाला! मालक मात्र शपथेवर सांगतो की कुत्रा ‘फक्त दोन वाट्या’ खातो.

स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या. भांडं ठेवा, शून्य करा, खाणं घाला. हातात उचलून भरण्यापेक्षा याला एक मिनिटही जास्त लागत नाही. सगळ्यात सोयीची पद्धत अशी: रोज सकाळी दिवसाचं सगळं खाणं एकदाच तोलून एका डब्यात काढून ठेवायचं. दोन्ही जेवणं त्यातून, शिकवताना द्यायचे दाणे त्यातून, आजोबांना लाडाने काही द्यायचं असेल तर तेही त्यातूनच. डबा संपला की दिवस संपला.

बिस्किटं आणि पोळीचे तुकडे किती चालतील?

वरखाण्याचा वाटा दिवसाच्या कॅलरींच्या १० टक्क्यांपुरता ठेवा, आणि तेवढं मुख्य खाण्यातून कमी करा. दहा किलोच्या कुत्र्याला हे ५५ कॅलरी होतात. एक साधं ग्लुकोज बिस्कीट सुमारे २५ कॅलरींचं, मध्यम पोळी १०० ते १२०, चमचाभर तूप ४५. म्हणजे सकाळच्या चहाबरोबर दोन बिस्किटं दिली की दिवसाचा कोटा संपला. त्यावर पोळीला तूप लावून दिलं तर काय होणार ते वेगळं सांगायला नको.

घरात चार माणसं असतील तर प्रत्येक जण ‘मी एवढंसंच दिलं’ म्हणतो आणि ते खरंही असतं. एक आठवडा फ्रिजवर कागद लावा आणि कुत्र्याच्या तोंडात गेलेली प्रत्येक गोष्ट ज्याने दिली त्याने लिहायची. वजन का वाढतंय याचं उत्तर बहुतेक घरांत या कागदावरच सापडतं.

बिस्किटांऐवजी गाजराच्या चकत्या, काकडी, उकडलेली फरसबी, बिया काढलेलं सफरचंद द्या. देणाऱ्याच्या हातून काहीतरी मिळालं यातच कुत्र्याचा आनंद असतो. तुकडा नखाएवढा असला तरी त्याला पुरतो.

आम्ही दूध-पोळीवरच वाढवलाय. ते पुरेसं नाही का?

पोट भरतं, पोषण होत नाही. सहा पोळ्या आणि कपभर दूध म्हणजे सुमारे ७९० कॅलरी आणि जेमतेम २५ ग्रॅम प्रथिनं. प्रौढ कुत्र्याला दर १००० कॅलरींमागे किमान ४५ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे एवढ्या खाण्यात ३५ तरी हवी होती. जस्त, तांबं, ड आणि ई जीवनसत्त्व, आवश्यक स्निग्धाम्लं यांची तूट वेगळीच. केस रखरखीत होणं, कातडीवर खवले दिसणं, अंगावर मांस नसताना पोट मात्र सुटलेलं असणं, ही या आहाराची नेहमीची लक्षणं. शिवाय कित्येक प्रौढ कुत्र्यांना दूध पचत नाही आणि शी पातळ होते. दही त्या मानाने बरं सोसतं.

मग घरीच शिजवायचं असेल तर प्रमाण काय?

२० किलोच्या, फ्लॅटमध्ये राहणाऱ्या प्रौढ कुत्र्यासाठी दिवसाचं एक उदाहरण: उकडलेलं बिनहाडाचं चिकन २०० ग्रॅम (३३० कॅलरी), शिजलेला भात ३०० ग्रॅम (३९०), उकडलेला लाल भोपळा, गाजर किंवा फरसबी १०० ग्रॅम (३५), एक उकडलेलं अंडं (७५) आणि चहाचे दोन चमचे तेल (९०). एकूण ९२०. मीठ-मसाला नाही, फोडणी नाही.

इथे दोन ठिकाणी घोटाळा होतो. पहिला, कच्चं की शिजलेलं? १०० ग्रॅम तांदळाचा सुमारे ३०० ग्रॅम भात होतो. कुणी ‘३०० ग्रॅम तांदूळ’ असं ऐकून तेवढा कच्चा शिजवला तर कुत्रा तिप्पट भात खातो. चिकनचं उलट: शिजल्यावर ते आटतं, २०० ग्रॅम हवं असेल तर कच्चं २७० ग्रॅमच्या आसपास घ्यावं लागतं.

दुसरा घोटाळा कॅल्शियमचा. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य असतं. भातही ती तूट भरत नाही. वरच्या थाळीत कॅलरी आणि प्रथिनं बरोबर आहेत, पण ती एवढ्यावर महिनोन्‌महिने चालवली तर शरीर हाडांतून कॅल्शियम ओढून घेतं. म्हणून कॅल्शियम आणि जीवनसत्त्व-खनिजांची पूड पशुवैद्याकडून मात्रा ठरवून घेऊन रोज घालायलाच हवी. घरचं खाणं उत्तम होऊ शकतं, पण ही पूड त्याचा भाग आहे, ऐच्छिक नाही.

कांदा, लसूण, मनुका-बेदाणे, द्राक्षं, चॉकलेट आणि झायलिटॉल असलेली साखरविरहित गोडी या गोष्टी थोड्याही नकोत. कांद्याने तांबड्या रक्तपेशी फुटतात, आणि तो शिजवून किंवा वाळवून निरुपद्रवी होत नाही. म्हणजे रस्सा धुऊन काढलेलं मटणही नको. शिजलेली हाडं टोकदार फुटतात, तीही नकोत.

पिल्लाला किती आणि किती वेळा?

चार महिन्यांपर्यंत मूळ गरजेच्या तिप्पट, त्यानंतर वाढ पूर्ण होईपर्यंत दुप्पट. पाच किलोचं तीन महिन्यांचं पिल्लू दिवसाला ७०० कॅलरी खातं, म्हणजे दहा किलोच्या फ्लॅटमधल्या प्रौढ कुत्र्यापेक्षा जास्त. तीन महिन्यांपर्यंत चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा, पुढे दोन वेळा. वजन दर आठवड्याला करा आणि त्याप्रमाणे खाणं वाढवा. एका महिन्यापूर्वी ठरवलेलं प्रमाण पिल्लासाठी जुनं झालेलं असतं.

लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन अशा मोठ्या जातींच्या पिल्लांच्या बाबतीत आमचं कळकळीचं सांगणं आहे: त्यांना गुटगुटीत करू नका. भराभर वाढलेलं वजन अजून मऊ असलेल्या सांध्यांवर येतं. मोठ्या जातींच्या पिल्लांसाठीचं संतुलित खाणं देत असाल तर वरून कॅल्शियमचं सिरप अजिबात घालू नका. पहिल्या सहा महिन्यांत पिल्लाचं आतडं जास्तीचं कॅल्शियम अडवू शकत नाही. जेवढं येईल त्यातलं बरंचसं शोषलं जातं आणि हाडांची वाढ वाकडी होते. दुकानदाराने पाकिटाबरोबर सिरपची बाटली दिली म्हणून ती वापरलीच पाहिजे असं नाही.

नसबंदीनंतर कुत्रा जाडा होतोच का?

होतो, कारण खाणं तेवढंच राहतं. नसबंदीनंतर ऊर्जेची गरज साधारण २० ते ३० टक्के उतरते आणि भूक मात्र वाढते. टाके निघाले की लगेच खाणं २० टक्के कमी करा आणि पुढचे सहा महिने दर पंधरा दिवसांनी वजन करा.

गाभण आणि व्यालेल्या कुत्रीला?

गर्भ साधारण ६३ दिवसांचा. पहिले पाच आठवडे खाणं वाढवायची गरज नसते. त्यानंतर हळूहळू वाढवत विण्याच्या वेळी २५ ते ५० टक्के जास्त. पोटात जागा उरत नाही, म्हणून थोडं थोडं चार-पाच वेळा, आणि शक्यतो पिल्लांसाठीचं खाणं. खरी भूक व्यायल्यावर लागते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, पिल्लं जास्त असतील तर, नेहमीच्या तिप्पट-चौपट लागू शकतं. त्या दिवसांत मोजमाप बाजूला ठेवा, ती खाईल तेवढं द्या.

आमचा लॅब्राडोर ३४ किलो आहे, असायला हवा २८. कमी कसा करायचा?

हिशोब २८ किलोचा करायचा. मूळ गरज येते ८५० कॅलरी, आणि तेवढ्याच द्यायच्या, कशानेही न गुणता. ३५० कॅलरीवाल्या खाण्याचे २४० ग्रॅम, सगळं धरून. आठवड्याला वजनाच्या १ ते २ टक्के उतार चांगला, म्हणजे इथे ३४० ते ६८० ग्रॅम. सहा किलो उतरायला दोन ते पाच महिने लागतात. यापेक्षा कमी खाणं स्वतःच्या मनाने देऊ नका. नेहमीचं खाणं फार कमी केलं की कॅलरींबरोबर प्रथिनं आणि खनिजंही तुटतात, त्यासाठी वजन उतरवण्याचं वेगळं खाणं मिळतं. कमी खाऊनही दोन महिन्यांत काटा हलला नाही तर थायरॉइड तपासून घ्या.

तो भीक मागत राहील. त्याला नावं ठेवू नका. २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवून दिलं की सुमारे चारातल्या एका लॅब्राडोरमध्ये पीओएमसी या जनुकाचा एक तुकडा गळलेला असतो, आणि अशा कुत्र्यांची खाण्याची ओढ जास्त असते. त्याच्या डोळ्यांतली भूक खरी असते, फक्त ती पोटाच्या गरजेवरून येत नाही. खाण्यात उकडलेली फरसबी किंवा दुधी मिसळा, थाळी मोठी दिसते आणि कॅलरी फारशा वाढत नाहीत. खाणं खोबणी असलेल्या भांड्यात किंवा अंगणात विखरून द्या, म्हणजे दोन मिनिटांचं जेवण पंधरा मिनिटं चालतं.

थोडा जाड असला तर खरंच एवढं बिघडतं का?

हो. कुत्र्यांचं खाणं बनवणाऱ्या पुरिना कंपनीने ४८ लॅब्राडोर जन्मभर पाळून पाहिले. जोड्या लावून एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणं दिलं. २००२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: कमी खाणाऱ्यांचं मध्यक आयुष्य (म्हणजे निम्मी कुत्री ज्या वयापलीकडे जगली ते) १३ वर्षं, दुसऱ्यांचं ११.२. सांध्यांचं दुखणंही सडपातळ कुत्र्यांत उशिरा सुरू झालं. दुसऱ्या गटातली कुत्री काही अवाढव्य नव्हती, आपल्याकडे ज्यांना ‘खात्यापित्या घरचा’ म्हणतात तशी होती.

घरी वजन कसं करायचं?

कुत्र्याला उचलून साध्या वजनकाट्यावर उभे राहा, मग एकटे उभे राहा, वजाबाकी करा. उचलण्यापलीकडचा असेल तर दवाखान्यातल्या जमिनीवरच्या काट्यावर न्या. प्रौढ कुत्र्याचं महिन्यातून एकदा पुरे. वजन सरकलं तर खाणं एका वेळी १० टक्क्यांनीच बदला आणि दोन आठवडे थांबा. रोज बदलत बसलं तर कशाचा परिणाम झाला ते कळत नाही.

दिवसातून एकदा दिलं तर चालेल?

प्रौढ कुत्र्याला दोनदा द्या. डॉबरमन, शेफर्ड, ग्रेट डेन अशा खोल छातीच्या कुत्र्यांत एकाच मोठ्या जेवणाने जठर फुगून पिळा पडण्याचा धोका वाढतो. पोट ढोलासारखं फुगलंय, कुत्रा ओकारीचा प्रयत्न करतोय पण काही पडत नाही, लाळ गळतेय आणि एका जागी ठरत नाही, असं दिसलं तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी लगेच दवाखाना गाठा. तासांचा प्रश्न असतो.

उन्हाळ्यात खातच नाही.

मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे कुत्र्याने थोडं कमी खाणं स्वाभाविक आहे. उजाडायच्या आधी आणि रात्री ऊन उतरल्यावर द्या. मात्र प्रौढ कुत्र्याने २४ तास आणि लहान पिल्लाने १२ तास काहीच खाल्लं नाही तर उन्हावर ढकलू नका. आपल्याकडे गोचिडांमुळे होणारा ताप फार सापडतो, आणि भूक मंदावणं ही त्याची पहिली खूण असते. हिरड्या फिक्या दिसतात का बघा.

भरपूर खातो तरी वाळतोय.

हा खाणं वाढवून सुटणारा प्रश्न नाही. जंत, मधुमेह किंवा स्वादुपिंडाचं पाचक रस न बनवणं, यांपैकी काही असू शकतं. शी घेऊनच दवाखान्यात जा.

म्हातारपणी खाणं कमी करायचं का?

हालचाल मंदावली की कॅलरी थोड्या कमी. पण प्रथिनं कमी करू नका, उतारवयात मांड्यांचं मांस आधी झडतं. मूत्रपिंडाचा आजार निघाला तर गोष्ट वेगळी, तेव्हा पशुवैद्य सांगतील तसं.

नवीन खाणं सुरू केलं आणि पोट बिघडलं.

सात दिवस घ्या. पहिले दोन दिवस पाव हिस्सा नवीन, मग दोन दिवस निम्मं, मग दोन दिवस पाऊण, सातव्या दिवशी पूर्ण. नव्या खाण्याच्या कॅलरी वेगळ्या असतात, तेव्हा ग्रॅमही नव्याने काढा. २६५ ग्रॅम जुन्याचे होते म्हणून नव्याचेही तेवढेच, असं होत नाही.

पावसाळ्यात पाकीट कसं ठेवायचं?

मूळ पिशवीतच, तोंड क्लिपने बंद करून, आणि ती पिशवी घट्ट झाकणाच्या डब्यात. कोकणात जून-जुलैत उघडी राहिलेली पिशवी चार दिवसांत मऊ पडते. मऊ पडलेला दाणा ओलाव्याने जड होतो, म्हणजे तोललेलं प्रमाणही चुकतं. त्याहून वाईट म्हणजे बुरशी. तिचं विष यकृताला लागतं आणि प्रत्येक वेळी डोळ्यांना दिसत नाही. कुबट वास आला की उरलेलं फेकून द्या. महिन्याभरात संपेल एवढंच पाकीट आणा, मोठं स्वस्त पडत असलं तरी.

आणि पाणी?

किलोमागे रोज ५० ते ६० मिलिलिटरच्या आसपास, सुकं खाणाऱ्याला थोडं जास्त, ओलं खाणाऱ्याला थोडं कमी. ते मोजून द्यायचं नाही, भांडं कायम भरलेलं असू द्या. एरवीपेक्षा दुप्पट पाणी पिऊ लागला तर मात्र दोन दिवस मोजा आणि तो आकडा पशुवैद्याला सांगा.